सातव्या गल्लीतलं एक घर

आमच्या ऑफिसात तिला सगळे नकाशाताई म्हणायचे. हे नाव शाळेच्या पोरांनी ठेवलेलं. मी मात्र तिला भित्री भागूबाई म्हणायचो, आणि तेही तिच्या तोंडावर. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मी जुना ट्रेसर. ट्रेसर म्हणजे मूळ नकाशावर पारदर्शक कापड अंथरून काळ्या शाईने त्याची हुबेहूब नक्कल काढणारा माणूस. एकतीस वर्षं मी तेच केलं. एक रेघ चुकली तर ब्लेडने खरवडायची, दोन चुकल्या तर साहेबांची बोलणी खायची. पुढे कॉम्प्युटर आले, शाईच्या बाटल्या सुकल्या आणि मला तपासनीस केलं. म्हणजे इतरांनी पडद्यावर काढलेल्या रेघांत चुका शोधायच्या. दुसऱ्याच्या चुका काढणं मला जन्मजात येतं, बायकोला विचारा.

ती आमच्याकडे चार वर्षांपूर्वी आली. सोबत पाच वर्षांची मुलगी. अर्जात पत्त्याच्या रकान्यात कुठल्याशा मैत्रिणीचा पत्ता होता. घर मिळालं की खरा पत्ता देते म्हणाली आणि कधी दिला नाही. कामाला वाघीण, पण बाकी सगळं विचित्र. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवायची. व्हरांड्यात अनोळखी पुरुषाचा आवाज आला की तिची बोटं कीबोर्डवर थांबायची, आणि तो आवाज लांब गेला की परत चालू व्हायची. ऑफिसच्या फोटोत ती कधीच नसायची, कारण फोटो काढायचं काम ती स्वतःहून घ्यायची. मी एकदा चारचौघांत म्हणालो होतो, ताई, तुझा फोटो काढला तर कॅमेरा फुटेल का? सगळे हसले. तीही हसली, नुसत्या ओठांनी.

दर महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी आमच्याकडे कार्यक्रम असायचा. शाळेची चाळीस मुलं आणि ज्यांना हौस असेल ती मोठी माणसं, सगळ्यांना कॉम्प्युटरवरचा नकाशा शिकवायचा. बोलायचं काम तिचं. आणि काय बोलायची! आधी मुलांना डोळे मिटायला लावायची, घरातून शाळेत कसे येता ते मनात चाला म्हणायची. मग आकाशातून घेतलेला फोटो पडद्यावर लावायची. हा झाला खालचा थर, गादीसारखा. त्याच्यावर रस्त्यांची चादर, तिच्यावर घरांची, तिच्यावर नळांची. हवी ती चादर ओढून काढा, बाकीच्या जागच्या जागी. घर कसं काढायचं? फोटोत छप्पर दिसतं ना, त्याच्या चार कोपऱ्यांवर टिचक्या मारा, झालं घर. एकदा एका म्हातारीने स्वतःचं छप्पर वरून बघितलं आणि भर सभेत म्हणाली, बघा, मी लेकाला कधीची सांगतेय पत्रा सरकलाय म्हणून.

पोरांनी वर्षभरात ऑफिसच्या आसपासची अख्खी वस्ती काढली. अकरा गल्ल्या, घर न् घर. काढलेलं लगेच सगळ्यांसाठी खुलं व्हायचं. कुणीही फोनवर नकाशा उघडून बघावं.

त्या अकरा गल्ल्यांत एक चूक मला सारखी टोचत होती. सातव्या गल्लीत, कोपऱ्यापासून तिसरी जागा मोकळी. फोटोत छप्पर स्वच्छ दिसतंय आणि नकाशात घर नाही. मी दोनदा शेरा मारला, दोनदा पोरांनी ते घर काढलं, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी ते गायब. कुणी पुसलं हे बघायला बटण असतं. कुठलीही रेघ कुणी काढली, कुणी पुसली, सगळं त्यात लिहिलेलं असतं. पण मी ते बटण दाबलं नाही. पोरं धांदरट, कॉम्प्युटर त्याहून धांदरट, असं म्हणून सोडून दिलं. शाईच्या काळात मी असं कधी सोडलं नसतं.

ज्या बुधवारी हे सगळं घडलं, त्याच्या दोन आठवडे आधी पेपरात आमच्या कार्यक्रमाचा फोटो आला. मागच्या बाजूने घेतलेला, सगळी पोरांची डोकी. तिचा चेहरा एका कडेला, नखाएवढा. तिने तो पेपर वाचला, घडी घातली आणि चार दिवस ताप आला म्हणून घरी राहिली. परत आली तेव्हा डोळे खोल गेले होते. मी विचारपूस करायची सोडून म्हणालो, भागूबाई, एवढ्याशा फोटोने ताप येतो होय?

बुधवारी तीनला हॉल भरला. पोरं कॉम्प्युटरवर, मोठी माणसं मागे खुर्च्यांवर. तिने सुरुवात झकास केली. मग गादी आणि चादर सांगता सांगता ती अडखळली. तेच वाक्य परत म्हणाली. परत तेच. मला वाटलं, विसरली. मी बाजूला बसलो होतो, तिथून मला तिचा हात दिसत होता. माऊसवरच्या त्या हाताबरोबर पडद्यावरचा बाण गल्ल्यांवरून भिरभिरत होता. तरी तिने कसंबसं संपवलं आणि कुणाला काही शंका आहेत का म्हणून विचारलं. विचारलं म्हणजे काय, ओठ हलवले.

मोठ्या माणसांच्या तिसऱ्या रांगेतून एक जण उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, हातात वही, बोलायला अगदी गोड. तिच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडे बघून विचारलं.

"साहेब, एखादं घर नकाशात नसेलच, तर ते शोधायचं कसं?"

मला कुणी साहेब म्हणत नाही. त्यात प्रश्न असा, की ज्याचं उत्तर एकतीस वर्षं माझ्या जिभेवर नाचतंय. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी उठलो आणि सांगायला लागलो. म्हटलं, जे काढलंय ते बघू नका, जे काढलेलं नाही ते बघा. सगळी आळी भरलेली आणि मध्येच एक जागा मोकळी दिसली, तर तिथे हटकून काहीतरी असतं. भाऊबंदकी असेल, खटला असेल, नाहीतर आपण कुणाला सापडू नये असं वाटणारा माणूस असेल.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण लोक कान देऊन ऐकत होते. मी म्हणालो, दिव्याखाली अंधार म्हणतात ना, आमच्याच नकाशातलं उदाहरण दाखवतो. ताई, जरा सातवी गल्ली लाव.

तिने लावली नाही. तिचा हात माऊसवर मेल्यासारखा पडला होता. मला राग आला. मी तो हात बाजूला केला. बर्फ होता नुसता. आणि मी स्वतः सातवी गल्ली मोठी करून दाखवली. हे बघा, कोपऱ्यापासून तिसरं. फोटोत छप्पर आहे, नकाशात नाही. आता तुम्हीच ओळखा.

त्या माणसाने वहीत काहीतरी लिहिलं, फोनवर बोट फिरवलं, मला नमस्कार केला आणि निघून गेला. काय सभ्य माणूस, असं माझ्या मनात आलं.

पोरांना सराव देऊन मी वळलो तर ती जागेवर नव्हती. छपाईच्या खोलीत सापडली, मोठ्या प्रिंटरच्या आणि भिंतीच्या बेचक्यात, फोन कानाला लावून. समोरून कुणी उचलत नव्हतं. मी आवाज चढवणार तेवढ्यात तिने माझ्याकडे बघितलं. भीती मी पाहिली होती, पण एवढी जवळून नाही.

"काका," ती म्हणाली, "ते घर माझं आहे. आणि प्रश्न विचारणारा तो माझा नवरा होता. पोरगी सव्वाचारला घरी येते. एकटी असते."

घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

बाकीचं तिने एका दमात सांगितलं. मारहाण तिने सोसली होती, त्याचं तिला काही नव्हतं. पण वेगळं झाल्यावर त्याने मुलीला शाळेच्या फाटकातून उचललं आणि अकरा दिवस कुठेतरी कोंडून ठेवलं. पोलिसांनी शोधून आणली तेव्हा पोरगी दोन महिने बोलली नाही. कोर्टाने मुलगी आईला दिली, तसा कागद आहे, पण कागद काही दार अडवून उभा राहत नाही. म्हणून ती इतक्या लांब आली होती. पोरं तिचं घर काढायची आणि ती दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन पुसायची. ती आपला माग पुसत राहते, हे त्याला ठाऊक होतं. तो माझ्या मागोमाग घरी आला असता तर मी सावध झाले असते, असं ती म्हणाली. मी इथे अडकलेली असतानाच त्याला जायचं होतं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. खोटं कशाला बोलू, आधी मला स्वतःचीच भीती वाटली, की हे सगळं माझ्यावर शेकणार. त्याची लाज नंतर वाटली. तिने पोलिसांना फोन केला, त्यांनी पत्ता लिहून घेतला आणि पाठवतो म्हणाले. तिच्या खोलीच्या खाली राहणाऱ्या शिवणकामवाल्या बाई फोन उचलत नव्हत्या. मशीन चालू असलं की त्यांना ऐकू येत नाही, हे ती मला दोनदा सांगत राहिली.

मी म्हटलं, माझी स्कूटर आहे, चल. आणि दारातच मला सुचलं. त्या गल्ल्यांना पाट्या नाहीत, घरांना नंबर नाहीत, सगळी दारं सारखी. तो फोनवर नकाशा बघत, कोपऱ्यापासून घरं मोजत जाणार. मी तिला स्कूटरपाशी पाठवलं आणि हॉलमध्ये शिरलो. पोरांना सांगितलं, पाचव्या गल्लीपासून नवव्यापर्यंत, प्रत्येकाने एक घर निवडा आणि पुसा. कोपऱ्यावरची आधी.

पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. हुशार, प्रश्न विचारणारी.

"पण सर, तिथे घर आहे."

"माहीत आहे," मी म्हणालो. "पुसा."

जागेवर असलेली वस्तू मी आयुष्यात कधी नकाशातून पुसली नव्हती. चाळीस टिचक्या वाजल्या. मी जिना उतरून स्कूटरपाशी गेलो.

स्कूटरवर ती मागे बसली आणि तिने माझा शर्ट मुठीत धरला.  मी रस्ताभर बडबडत होतो. काही होत नाही, पोलीस येतील, तो अजून पोचलाच नसेल. घाबरलेला माणूस बोलतो तसं. सिग्नलला थांबलो तेव्हा तिचे दात वाजताना ऐकू आले आणि हिरवा होताच मी स्कूटर जोरात काढली.

वस्तीच्या तोंडाशी आलो आणि मला तो दिसला. सहाव्या गल्लीत. कोपऱ्यापासून दुसऱ्या दाराशी उभा राहून तो कडी वाजवत होता. आतून एक म्हातारे गृहस्थ बनियनवर बाहेर आले, त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्याने फोन बघितला, दोन बोटांनी मोठा केला, परत गल्लीकडे बघितलं. पोरांनी काम केलं होतं.

मी स्कूटर एका टेम्पोच्या आड घातली. सहावीच्या आणि सातवीच्या मागच्या भिंतींमध्ये एक बोळ आहे, एक माणूस आडवा होऊन जाईल एवढा. इतक्या अरुंद वाटा आम्ही नकाशावर घेत नाही. ती तिथून शिरली आणि दिसेनाशी झाली. मी तिथेच राहिलो. का राहिलो? हिंमत म्हणाल तर नाही. पाय उचलत नव्हते.

त्याने मला पाहिलं. ओळखलं. हसत हसत चालत आला आणि अगदी जवळ उभा राहिला.

"साहेब, तुमचा नकाशा बदलायला लागलाय. मघाशी एक जागा मोकळी होती, आता गल्लोगल्ली दिसतात."

मी म्हणालो की पोरांचा सराव चाललाय. माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. तो म्हणाला, असेल. मग त्याने मान वळवून पलीकडच्या गल्लीकडे बोट केलं. ती बरोबर सातवीच होती. तिथून एखादं दार उघडल्याचा, एखादं पाऊल वाजल्याचा आवाज आता येईल, मग येईल, असं मला वाटत होतं.

"सातवी ती का?"

एकतीस वर्षं मी लोकांना वाट सांगितली होती. रस्त्यात कुणीही विचारावं, मी हातातली पिशवी खाली ठेवून सांगायचो, खुणांसकट. चुकीची वाट सांगितली तर माणसाला पाप लागतं, असं माझे वडील म्हणायचे.

"ती आठवी," मी म्हणालो. "इथे गल्ल्या उलट्या मोजतात. सातवी तिकडे, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. पाण्याच्या टाकीच्या मागे."

तो माझ्याकडे बघत राहिला. डोळे गोडच होते, तेच भयंकर होतं. माझ्या कपाळावरून घामाचा ओघळ भुवईपर्यंत आला आणि पुसायला हात वर नेण्याचं धाडस होईना.

"मघाशी खरं बोललात, की आत्ता?"

"मला खोटं बोलून काय मिळणार?" मी म्हणालो. त्याक्षणी मला वाटलं, आता हा हसेल आणि सरळ सातवीत जाईल, आणि मी काहीही करू शकणार नाही. माझं वय साठीला टेकलेलं. त्याचा हात माझ्या मांडीएवढा.

त्याने फोन खिशात टाकला. मोठ्या रस्त्याकडे चालायला लागला. दहा पावलांवर थांबून त्याने मागे पाहिलं, मी तसाच उभा. परत चालायला लागला. तो रस्ता ओलांडून दिसेनासा झाला तेव्हा मी टेम्पोच्या चाकाशी खाली बसलो आणि उलटी केली.

तिच्या खोलीचं दार तिने मी चार वेळा माझं नाव सांगितल्यावर उघडलं. पोरगी पलंगाखाली होती. आई धावत आली की पलंगाखाली जायचं, असं तिला शिकवलेलं होतं. तिच्या अंगावर अजून शाळेचे कपडे होते आणि ती माझ्याकडे बघत होती, न रडता. नऊ वर्षांच्या पोरीला न रडता इतकं घाबरता येतं, हे मला माहीत नव्हतं. सामान आवरायला पाच मिनिटं लागली नाहीत. पिशवी भरलेलीच होती, बहुधा चार वर्षं.

पोलीस आले, लिहून घेतलं, टाकीपर्यंत जाऊन आले. तो मिळाला नाही. त्यातला वयस्कर हवालदार भला माणूस होता. तो म्हणाला, बाई, शोध घेऊ, पण रोज तुमच्या दाराशी माणूस उभा करणं आम्हाला जमायचं नाही. ती म्हणाली, मला ते माहीत आहे. माझ्या बायकोने फोनवरून तिला आमच्या घरी ये म्हणून परोपरीने सांगितलं. ती नको म्हणाली. त्याने मला पाहिलं होतं, माझं ऑफिस पाहिलं होतं. आमचं घर शोधायला त्याला एक दिवससुद्धा लागला नसता.

मी त्या दोघींना पोलिसांच्या गाडीतून बसस्थानकावर नेलं. सहा वाजले होते, उजेड होता, माणसांची गर्दी होती. तरी प्रत्येक इस्त्रीच्या शर्टाला ती दचकत होती आणि मीही. वाटेत मी तीनदा माफी मागितली. ती दर वेळी मान हलवायची, म्हणजे काय ते मला कळलं नाही. फलाटावर मी तिला विचारलं, कुठे चाललीस? निदान पोचल्याचं कळव. तुझा पगार, तुझे कागद, सगळं मी पाठवतो.

तिने पोरीला आधी गाडीत चढवलं. मग माझ्याकडे वळली. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं, पण ती नेहमी पोरांना समजावून सांगायची तशी बोलली.

"काका, माझा तुमच्यावर राग नाही. आज तुम्हीच वाचवलंत. पण कुणी विचारलं की तुम्हाला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. म्हणून तुम्हाला नाही सांगत."

ती आत गेली. चालकाने गाडी सुरू केली. गाडीच्या कपाळावर ती जाणार त्या गावाची पाटी होती, माझ्या डोक्याच्या जरा वर, मोठ्या अक्षरांत. मी त्या पाटीकडे पाठ केली आणि गाडी फलाटावरून निघून जाईपर्यंत भिंतीकडे बघत उभा राहिलो.